सिंधुकाकूंच्या लिव्हरचा निकाल

लातुरातल्या क्लासच्या गल्लीत सिंधुकाकूंची मेस कुठं आहे असं कुणालाही विचारा, तो आधी जिभल्या चाटेल आणि मग पत्ता सांगेल. लोह्याची, उमरीची, मुरुडची, कुठकुठची पोरं-पोरी डॉक्टर व्हायला या गल्लीत येऊन पडलेली, आणि त्या सगळ्यांच्या पोटाची जिम्मेदारी सिंधुकाकूंवर. बाई अंगानं ऐसपैस आणि हसण्यानं त्याहून ऐसपैस. ही हसली की कढईवरचं झाकण हलतं, असं तिचा नवरा रेवणसिद्ध म्हणायचा. आता नवराच तो, काहीही म्हणेल. पण झाकण खरंच हलायचं.

रोज सकाळी पहिल्या परातीतलं पीठ मळायला घेतलं की फोन वाजायचा. नांदेडहून तिचा थोरला भाऊ, दयानंद.

"सिंधे, भिंती जागेवर हायत ना?"

"हायत की, दादा."

"बरं."

संपलं बोलणं. लग्न होऊन ती लातुरात आली तेव्हापासूनचा हा नेम. मोबाइल नव्हते तेव्हा शेजारच्या घरी फोन यायचा, आणि शेजारीण झोपमोडीच्या शिव्या घालत हिला हाक मारायला यायची. पण नेम काही चुकला नाही. चुकणार कसा? पहाटेच्या भूकंपात किल्लारीकडचं त्यांचं गाव बसलं तेव्हा सिंधु सोळा वर्षांची होती. दगडमातीच्या भिंतींखाली आई गेली, बाप गेला, आजी गेली. गावातले म्हणत होते, दयानंद, आता सोड, कुणी राहिलं नाही आत. हा ऐकेना. नखं निघेपर्यंत हातानं उकरत राहिला आणि उन्हं चढल्यावर चौकटीच्या आडोशाला अडकलेली बहीण बाहेर ओढली. ती पहिला शब्द काय बोलली असेल? "दादा, भूक लागली." तो रडतही होता आणि हसतही होता.

तेव्हापासून जो हा दादा बहिणीचं घर सावरायला लागला, तो थांबायचं नावच घेईना. नांदेडला शिकवण्या करून स्वतः शिकला, हिचं लग्न लावून दिलं. मग पत्रे बदलून दिले. मग गव्हाची पोती यायला लागली. मग कूलर, मग इन्व्हर्टर. भाऊबीजेला मिक्सर आणायची तर त्याला खोडच लागली. एक चालू, बाकीचे माळ्यावर. "दादा, बास की आता, माझं लई चांगलं चाललंय," असं ती किती वेळा म्हणाली. ऐकेल तो दादा कसला!

तिकडे नांदेडात मात्र दयानंद सरांचं नाव दुमदुमत होतं. जीवशास्त्र शिकवावं तर त्यांनीच. लिव्हरचा धडा आला की शेजारच्या वर्गातली पोरंही दारात येऊन उभी राहायची. सर सगळ्या वर्गालाच लिव्हर करायचे. "तुम्ही सगळ्या पेशी. आता मी हा कोपरा कापला!" असं म्हणून अर्धे बाक रिकामे करून पोरं बाहेर काढायचे. मग टाळी वाजवून ओरडायचे, "वाढा!" उरलेली पोरं धडपडत, लोळत, दप्तरं फेकत रिकाम्या बाकांवर पसरायची. शेवटचा बाक भरला रे भरला की सर गरजायचे, "थांबा!" सगळा वर्ग जागच्या जागी गप्प.

"वाढायला कुणालाबी येतं. थांबायला कुणाला येतं?"

"लिव्हरला!" अख्खा वर्ग छप्पर उडेल असा ओरडायचा.

आणि बघा, दुखणं आलं ते नेमकं याच सरांच्या लिव्हरला. दारूला कधी शिवले नाहीत. पण कधीकाळी कुठल्याशा दूषित सुईतून म्हणा, वस्तऱ्यातून म्हणा, 'बी'ची कावीळ अंगात शिरली होती ती वर्षानुवर्षं आत दबा धरून होती. हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन समोर धरला. सर, त्यांची बायको विशाखा आणि सिंधु, तिघं पुढ्यात बसलेली.

"लिव्हरला इजा झाली की पेशींना निरोप जातो, वाढा," बाई म्हणाल्या. "जागा भरली की दुसरा निरोप, थांबा. तुमच्या आत रोज इजा, रोज दुरुस्ती. वर्षानुवर्षं 'वाढा, वाढा' चालू. एवढ्या घाईत पेशींच्या नकला निघतात, त्यात चुका राहतात. त्यातली एक अशी निघाली की तिला 'थांबा' ऐकूच येत नाही. ही गाठ म्हणजे ती."

"मॅडम, हे तर मीच शिकवतो," सर म्हणाले.

"मग पूर्ण मार्क घ्या आणि पुढचं ऐका," बाई काही कमी नव्हत्या. "गाठ लहान आहे. पण बाकीचं लिव्हरही दगड झालंय. दुसरं बसवावं लागेल. घरातल्या कुणी अर्धं दिलं तरी चालतं. देणाऱ्याचं उरलेलं वाढून भरून येतं."

विशाखावैनींचा रक्तगट जुळेना. मुलगा अजून शाळेत. सिंधुनं तोंड उघडायच्या आतच दादानं हात वर केला.

"सिंधीचं नाव काढायचं न्हाई. भावानं बहिणीला घालायचं असतं. तिच्या अंगातलं काढून न्यायचं नसतं."

झालं! जगाला लिव्हर शिकवणारा माणूस, आणि ऐन वेळेला भाऊबीजेचा हिशेब काढून बसला. सिंधुला असा संताप आला की म्हणता सोय नाही. पण दादाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे दोघी नणंद-भावजयींना पक्कं ठाऊक होतं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मुकाट्यानं मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात सिंधु गुपचूप हैदराबादला जाऊन तपासून आली.

रक्त जुळलं. माप जुळलं. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

"तुमच्या लिव्हरवर चरबी आहे, आणि बरीच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असं लिव्हर कापलं तर तिकडे नीट चालणार नाही आणि इकडे तुमचंही नीट भरून येणार नाही. वजन उतरवा, चरबी आपोआप उतरेल. पण दिवाळीपर्यंतच. त्यानंतर मी थांबेन, ती गाठ थांबायची नाही."

सिंधु परत आली आणि परातीपुढे बसून ढसाढसा रडायला लागली. ज्यानं नखं मोडून आपल्याला बाहेर काढलं, त्याचा जीव आपल्या धिरड्यांपायी आणि शेंगदाण्याच्या लाडवांपायी जाणार! आणि चव बघणं हा तर तिचा धंदाच. आमटीची चव, भाजीची चव, पुन्हा आमटीची चव. दिवसभर ताटावर न बसता बाई चार माणसांचं खायची.

रडणं ऐकून पहिली धावली ती उमरीची तनुजा. ही पोरगी परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती आणि सगळ्या मेसची म्होरकी होती.

"काकू, कांदा तर दिसत न्हाई. मग रडायलाव कशाला?"

काकूंनी सगळं सांगितलं. बाजूला पोरांचा घोळका जमला. मग तनुजानं ओढणी कमरेला खोचली.

"काकू, आपण कुठं राहतो?"

"लातुरात. का गं?"

"लातुरात नापास माणसाला काय करतात?"

"परत बसवतात."

"मग बसा!"

आणि लातूर पॅटर्न सुरू झाला की हो! ज्या पॅटर्ननं दगडाला डॉक्टर करतात, तो पोरांनी काकूंच्या लिव्हरला लावला. भिंतीवर वेळापत्रक चिकटलं. सकाळी क्रीडा संकुलावर चालणं, दोन पोरी पुढं, दोन मागं, मध्ये काकू. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण, ढीगभर काकडी. साखर बंद, तळण बंद. आणि दर रविवारी टेस्ट! पोरांचा पेपर सकाळी, काकूंचा दुपारी. भुसार दुकानातून पोती तोलायचा मोठा काटा आणायचा, त्यावर काकूंना उभं करायचं आणि सगळ्यांनी श्वास रोखून आकडा बघायचा. आकडा उतरला की शिट्ट्या, ताटं बडवणं. एका रविवारी उतरला नाही, तर तनुजानं सगळ्यांसमोर उलटतपासणी घेतली. सोमवारी बारशाला गेलेल्या काकूंनी तिथं बुंदीचे लाडू खाल्ल्याचं कबूल केलं.

"किती?"

"एक."

"काकू!"

"बरं बाई, तीन."

आता राहिला प्रश्न चवीचा. काकूंनी चव बघायची नाही, मग बघायची कुणी? ती कामगिरी रेवणसिद्धवर पडली. हा माणूस जन्माचा हडकुळा. पण बायकोच्या भावाच्या जिवाचा प्रश्न म्हटल्यावर पळी घेऊन उभा राहिला. चव बघायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "झकास." आमटी अळणी असली तरी झकास, खारट असली तरी झकास. पोरं कसलीही आमटी गिळत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. इकडे बायकोचं वजन उतरत गेलं, तिकडे नवऱ्याला पोट सुटत गेलं. उतरलेलं सगळं काकांकडे जमा होतंय, असं पोरं म्हणायला लागली.

हसण्यावारी चाललंय असं वाटेल, पण सिंधु दिवाळीचे दिवस मोजत होती. सकाळचा फोन यायचा, "भिंती जागेवर हायत ना?", आणि दादाचा आवाज दर आठवड्याला थोडा खोल गेलेला असायचा. फोन ठेवला की ती पदर खोचायची आणि संकुलाची आणखी एक फेरी मारायची. रडतच मारायची, पण मारायची.

दिवाळीच्या तोंडावर विशाखावैनींना दादाचं औषध आणायला हैदराबादला जायचं होतं, त्या निमित्तानं सिंधु गेली. डॉक्टरीणबाईंनी नवा स्कॅन बघितला, मग जुना बघितला, मग सिंधुकडे बघितलं.

"हे कसं केलंत?"

"क्लास लावला व्हता," सिंधु म्हणाली.

पास! बाईंनी तारीखही दिली. आता फक्त दादाला सांगायचं होतं. दोघींचं ठरलं, की भाऊबीजेला दादा जेवेल, सुस्तावेल, मग हळूच विषय काढायचा. बेत अगदी चोख होता. फक्त एक गोष्ट दोघी विसरल्या. लातुरात निकाल लागला की काय होतं, ते कुणाला सांगावं लागत नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही.

भाऊबीजेला सकाळीच रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली आणि दयानंद सर उतरले. एका हातात पिशवी, दुसरा हात वैनींच्या खांद्यावर. मान वर केली आणि जागेवरच खिळले. दिवाळीला गावाकडे जाता जाता पोरं विजेच्या दोन खांबांना भलामोठा फ्लेक्स बांधून गेली होती. मधोमध हातात पळी घेतलेल्या सिंधुकाकू. चारी बाजूंना पोरांचे चिमुकले फोटो. आणि खाली मोठ्या अक्षरांत:

"आमच्या लाडक्या सिंधुकाकू यांचे लिव्हर दुसऱ्या प्रयत्नात सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! दयानंद सरांना अर्धे लिव्हर देण्यास मनःपूर्वक शुभेच्छा!"

'दुसऱ्या प्रयत्नात' हे शब्द तनुजानं हट्टानं टाकायला लावले होते.

सर घरात शिरले ते तांबडेलाल होऊन. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, ताटात निरांजन तयार. रेवणसिद्ध आपलं नवं पोट घेऊन दाराआड सरकला.

"दाजी, तुमी बी सामील?"

"मी फक्त चव बघितली," रेवणसिद्ध पुटपुटला.

"मी न्हाई घेणार," दादा गरजला. "सगळ्या गावात बोर्ड लावा, पेपरात छापा. न्हाई म्हणजे न्हाई! लोक काय म्हणतील, भाऊबीजेला आला आन् बहिणीला कापून घेऊन गेला?"

सिंधुनं ताट खाली ठेवलं. आजवर दादापुढे तिनं कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"मला उकरून काढताना इचारलं व्हतंस का मला? बहिणीला हात लावू का म्हणून?"

"ते येगळं. तू मरायली व्हतीस!"

"मग तू काय करायलास?"

दादा मटकन पाटावर बसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदीच लहान झाला होता.

"सिंधे, लोकांचं काय न्हाई गं. मला भ्या वाटतंय. त्या ढिगाऱ्यातून मला तू एकटी घावलीस. तुला तिथं आत नेलं, कापलं, आन् काय झालं तर? मग मी सकाळी फोन कुणाला करू?"

हे ऐकलं आणि सिंधुचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. ती त्याच्यासमोर फतकल मारून बसली आणि रडत रडत हसायलाच लागली.

"येड्या, आन् तुला काय झालं तर माझा फोन कुणाला येईल? भिंतीला इचारू का मी?"

मग तिनं डोळे पुसले, ताट उचललं, त्याला कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन फिरवलं. आणि ताट त्याच्यापुढे धरून तशीच बसली.

"टाक ओवाळणी."

दादानं पिशवीत हात घातला. पिशवीत, तुम्हाला वाटलंच असेल, मिक्सर होता.

"मिक्सर घालतोस तर आताच उठून जा," सिंधु म्हणाली. "यंदा ओवाळणी मी मागणार. 'घेतो' म्हण. यवढा एकच शब्द टाक ताटात. भावानं बहिणीला घालायचं असतं ना? मग घाल."

आता नाही म्हणायचं तर भाऊबीजेची ओवाळणी मोडावी लागली असती, आणि ती मोडायची ताकद त्या माणसात नव्हती. निरांजन फडफडायला लागलं. वैनी पदराआड हुंदके देत होत्या. दादानं बहिणीकडे बघितलं, तिच्या उतरलेल्या गालांकडे, सैल झालेल्या बांगड्यांकडे. आपल्यासाठी ही उपाशी राहिली, हे त्याला तेव्हा कळलं.

"घेतो," तो म्हणाला आणि लेकरासारखा रडला. "घेतो गं, बाई."

त्या दिवशी आमटी खारट झाली होती. कुणीही काही बोललं नाही.

पुढचं सगळं हैदराबादला. तिथं अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे बसवून सिंधुला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? "हाय तर!" ती म्हणाली. "उमरीची तनुजा म्हणून एक पोरगी हाय, ती मला दुसरी भाकरी खाऊ देत न्हाई." समितीतले साहेब हसून हसून बेजार झाले. ऑपरेशन बराच वेळ चाललं, पण नीट पार पडलं. पोटावरच्या टाक्यांनी सिंधुला हसणं मुश्कील झालं, तिची खरी शिक्षा ती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नर्स तिच्या खाटेपाशी आली. तिला फारसं मराठी येत नव्हतं, म्हणून निरोप घोकून आणला होता.

"तुमचा भाऊ विचारतो, भिंती जागेवर आहेत का?"

"अगं बाई, हसवू नको, टाके तुटतील," सिंधु म्हणाली.

महिने गेले. तपासणीत डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यावर दाखवलं. उरलेला तुकडा वाढून वाढून जवळपास पहिल्याएवढा झाला होता, आणि जागा भरल्यावर थांबला होता. दादाच्या पोटातलंही तसंच. कापलं एक, झाली दोन. "त्यांना तपासण्या कायम कराव्या लागतील, औषधं चुकवायची नाहीत," बाई म्हणाल्या, "पण आज सगळं साफ आहे." दादा नांदेडात परत शिकवायला लागला. आता लिव्हरच्या धड्याला तो शर्ट वर करून टाक्यांची खूण दाखवतो म्हणे, आणि पोरं बाकांवर चढून बघतात. सकाळचा फोनही पहिल्यासारखा सुरू झाला.

आणि एके दिवशी तो आला नाही.

सिंधुनं पहिली परात मळली. फोन नाही. भाकऱ्या थापायला घेतल्या, तरी नाही. दादाला ताप आला? ती गाठ परत? पिठाच्या हातानंच तिनं नांदेडला फोन लावला. किती वेळ वाजला कुणास ठाऊक. शेवटी वैनींनी उचलला आणि कुजबुजल्या, "हॅलो?"

"वैनी! दादा कुठाय? काय झालं?"

"हळू बोला, वन्सं. झोपलेत."

"काय?"

"झोपलेत हो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा उन्हं वर येईपर्यंत झोपलेत. मला उठवायचं जिवावर आलं. ऐका."

वैनींनी फोन तिकडे धरला. फोनमधून घर्रर्र घर्रर्र असं दणदणीत घोरणं यायला लागलं. सिंधुनं फोन कानाला घट्ट धरला. भूकंपाच्या त्या पहाटेपासून हा माणूस असा कधी झोपलाच नव्हता, हे तिला कळलं, आणि तिला हसू फुटलं. असं फुटलं की कढईवरचं झाकण खाली पडलं आणि तनुजा हातात पुस्तक घेऊन धावत आली.

"काकू, काय झालं?"

"झोपलाय गं," सिंधु हसत आणि रडत म्हणाली. "माझा दादा झोपलाय."

दहाच्या सुमाराला फोन आला. दादाचा आवाज ओशाळलेला.

"सिंधे, डोळाच लागला गं."

"भिंती जागेवर हायत, दादा."

"मी कुठं इचारलं?"

"मग फोन कशाला केलास?"

बहिणीला भिंतींशिवाय काय विचारायचं असतं, हे दादाला आठवायला थोडा वेळ लागला.

"भाजी काय केलीस?"

"शेपू," ती म्हणाली, आणि त्यानं लहानपणी मुरडायचा तसंच नाक मुरडलं असणार, हे तिला नांदेडला न जाताही दिसलं.